ओव्हाळांच्या दारातला वारा

थेरगावात उन्हाळा एकटा येत नाही, धुळीला सोबत घेऊन येतो. आणि ही धूळ म्हणजे काही साधीसुधी पाहुणी नव्हे. जुन्या, मुरलेल्या नटीसारखी तिची एंट्री असते. आधी ती दिसतच नाही. सकाळच्या उन्हाची तिरीप खिडकीतून आत पडली की तेवढ्या झोतात क्षणभर मिरवून घेते. मग हळूच टीव्हीवर बसते, शोकेसमधल्या हत्तीच्या पाठीवर बसते, भांड्यांच्या मांडणीत शिरते, आणि दुपार होईतो अख्खं घर तिच्या नावावर झालेलं असतं. घरची बाई फडकं घेऊन मागे मागे फिरते, घामाघूम होते. पण शेवटी टाळ्या धुळीलाच.

पूर्वी इथली धूळ शेतातली होती. बैलांच्या पायांनी उडायची आणि संध्याकाळी बैलांबरोबरच घरी जाऊन बसायची. आता तिला घर उरलं नाही. यंदा तर डांगे चौकाच्या अलीकडच्या एका गल्लीत ड्रेनेजच्या पाइपासाठी रस्ता खणला होता. डंपर यायचा, माती ओतायचा, जायचा. पुन्हा यायचा, तीच माती उचलून न्यायचा. बघणाऱ्याला वाटावं, तालीम चालली आहे.

या गल्लीत विलास ओव्हाळ राहतात. चाकणच्या एका गाड्यांच्या कंपनीत ते पेंटशॉपला होते आणि गेल्याच दिवाळीत निवृत्त झाले. पेंटशॉप म्हणजे गाडीला रंग मारायची जागा; आणि रंगाच्या जागी धुळीचा एक कण म्हणजे घरात शिरलेला चोर. ओल्या रंगावर कण बसला की गाडी परत, काम परत, आणि वर साहेबाचं तोंड वाकडं. त्यामुळे उभी नोकरी ओव्हाळांनी धुळीशी वैर धरण्यात घालवली. तिथे आत शिरताना माणसाला एका काचेच्या खोलीत हात वर करून उभं राहावं लागे. चारी बाजूंनी वाऱ्याचे झोत सुटत आणि अंगावरची धूळ उडवून लावत. त्याला म्हणायचं एअर शॉवर. पाण्याची आंघोळ घरी, वाऱ्याची कंपनीत. डोक्याला तेल नाही, तोंडाला पावडर नाही. कस्तुराबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, अजून म्हणतात, "सगळ्यांचे नवरे सणासुदीला नटायचे. माझा आपला कोरडा ठणठणीत. तेल न लावलेल्या कढईसारखा."

निवृत्त झाल्यावर ओव्हाळांच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट होती: येणारा मे महिना. त्यांची लेक साक्षी माण गावात अठराव्या मजल्यावर राहते. नवरा-बायको दोघंही हिंजवडीत नोकरीला. त्यांची मुलगी यशोधरा, घरातली यशू, दर मे महिन्यात थेरगावला आजोळी येते. पण इतकी वर्षं काय व्हायचं, यशू उठायची तेव्हा आबा कंपनीच्या बसमध्ये आणि आबा परत यायचे तेव्हा यशू झोपलेली. मधल्या वेळात तिने काय काय केलं ते कस्तुराबाई जेवताना सांगायच्या आणि ओव्हाळ भाकरी हातात धरून ऐकत राहायचे, एखाद्याने चुकलेल्या नाटकाची गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी तसे. यंदा पहिल्यांदा ते पुढच्या खुर्चीवर बसून सगळा खेळ बघणार होते.

आणि एप्रिल संपता संपता साक्षीचा फोन आला.

"पप्पा, यशूला या वर्षी नाही पाठवत."

"का गं?"

"हिवाळ्यात किती खोकला होता तिला, माहितेय ना? डॉक्टरांनी सांगितलंय, धुळीपासून जपा. आणि तुमची गल्ली म्हणजे... परवा मी येऊन गेले, तर घरी जाऊन पर्स धुवावी लागली."

"अगं, धूळ रस्त्यावर आहे. घरात कुठाय?"

"पप्पा!"

"तू ये. रविवारी ये यशूला घेऊन. बोट फिरवून बघ. कुठेही फिरव. कणभर धूळ दिसली तर लगेच परत घेऊन जा, मी एक शब्द बोलणार नाही."

पलीकडे साक्षी हसली. हे बोट तिच्या ओळखीचं होतं. तिच्या लहानपणी रविवार म्हणजे पप्पांची तपासणी. अभ्यासाच्या टेबलावर, खिडकीच्या गजावर, पलंगाच्या पाटीवर पप्पांचं बोट फिरायचं आणि मग ते बोट साक्षीच्या नाकासमोर यायचं. "हे काय आहे?" आता बोट तिच्या हातात येत होतं.

"कुठेही फिरवू ना? मग नंतर तक्रार नाही चालणार."

"कुठेही!" ओव्हाळ गरजले. फोन ठेवला आणि कस्तुराबाईंकडे वळून म्हणाले, "कस्तुरा, आजपासून हे घर म्हणजे पेंटशॉप."

"आणि मी कोण?" कस्तुराबाईंनी विचारलं. "गाडी का रंगारी?"

पण ओव्हाळांनी कमरेला फडकं खोचलं होतं. त्यांच्या धंद्याचा पहिला नियम असा की धूळ आपल्या पायांनी येत नाही, माणसाच्या पायांनी येते. म्हणून आधी माणूस झाडायचा, मग घर. कोरडा केरसुणीचा फराटा बंद. फरशी दोनदा ओल्या फडक्याने. रस्त्याकडच्या खिडकीच्या फटीत वर्तमानपत्राच्या ओल्या घड्या. उंबऱ्याबाहेर ओलं गोणपाट. उदबत्ती बंद, पावडरचा डबा कपाटात कुलपाआड. भिंतीवरच्या भगवान बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी त्यांनी पुढून तर पुसल्याच, पण मागूनही पुसल्या, खिळ्यासकट.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे दारातला पंखा. माळ्यावरचा जुना उभा पंखा त्यांनी उतरवला आणि उंबऱ्याच्या आत, तोंड बाहेर करून ठेवला. आत यायचं असेल त्याने उंबऱ्यावर थांबायचं, हात वर करायचे, पंख्यासमोर एक पूर्ण गिरकी घ्यायची, मग पाय पुसून आत. ओव्हाळांचा घरगुती एअर शॉवर!

पहिला बळी दूधवाला. तो बिचारा गिरकी घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवसापासून पिशवी गेटला अडकवायला लागला. दुसरा बळी मात्र मोठा होता.

कस्तुराबाईंची दुपार म्हणजे भरलेलं घर. समोरच्या विमलबाई, लातूरकडच्या. त्यांचे यजमान भोसरीला वेल्डर. आणि मागच्या गल्लीतल्या दुर्गाबाई, इथल्या मूळ गावकरी, ज्यांच्या सासऱ्याच्या शेतावर ही सगळी गल्ली उभी राहिली. तिघी मिळून पापड लाटायच्या, लसूण सोलायच्या आणि सबंध थेरगावाची सालं काढायच्या. त्या दुपारी दोघी आल्या, तर दारात ओव्हाळ उभे, हात पंख्याच्या बटणावर.

"विमलताई, हात वर करा."

"काय करायलाव भाऊजी? पोलिसात भरती झालाव का?"

"फक्त एक गिरकी. धुळीसाठी."

बटण दाबलं. पंखा जुना, पण दमाचा. विमलबाईंचा पदर सरळ तोंडावर आला, हातातलं लसणाचं सूप उलटलं आणि लसणाची सालं गुलाल उधळावा तशी दुर्गाबाईंच्या केसांत जाऊन बसली.

विमलबाई पदर सावरत म्हणाल्या, "आमी काय गाड्या हाव का, रंग मारायला? माणसं हाव माणसं!"

"आन् म्या या गल्लीत जल्म काढला," दुर्गाबाई केसांतली सालं वेचत म्हणाल्या. "ही माती आमच्याच रानातली हाय. आमच्या मातीला आमीच हात वर करायचं व्हय? चल गं विमल."

कस्तुराबाई मागून धावत आल्या, पण तोवर दोघींनी पाठ फिरवली होती. ओव्हाळ मात्र पंखा बंद करून खाली वाकले, एक साल उचललं आणि प्रकाशात धरून म्हणाले, "बघितलंस? हे सगळं आत आलं असतं."

त्यानंतर घर खरोखर स्वच्छ झालं. इतकं, की आवाजही यायचा बंद झाला. दुपारी कस्तुराबाई एकट्याच लसूण सोलत बसायच्या. समोरच्या ओट्यावर विमलबाई दिसायच्या, पण कोणत्या तोंडाने हाक मारायची? एकदा त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, रविवार झाला की तो पंखा माळ्यावर जाऊ दे."

"रविवार तर होऊ दे," ओव्हाळ म्हणाले. त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त ते बोट होतं.

रविवार उजाडला. ओव्हाळांनी शेवटचा हुकमाचा पत्ता काढला. पेंटशॉपमध्ये आतल्या हवेचा जोर नेहमी बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त ठेवतात. दार उघडलं तरी आतली हवा बाहेर जाते, बाहेरची धूळ आत येत नाही. त्यांनी काय केलं, हॉलमधला कूलर उचलून मागच्या खोलीच्या खिडकीत बसवला, पाठ मागच्या गल्लीकडे, तोंड घरात. मागे खोदकाम नाही, डंपर नाही. तिकडची हवा ओल्या गवताच्या जाळ्यांतून गाळून आत येईल, घर फुग्यासारखं भरेल आणि पुढच्या दारातून बाहेर लोटेल. समोरचा रस्ता कितीही धुरळा करो, आत शिरायची त्याची टाप नाही!

"चालू करून बघता का आधी?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"नाही. साक्षीसमोर. पडदा उघडल्याशिवाय नाटक दाखवतात का?"

साडेदहाच्या सुमाराला साक्षी आली. गाडी चौकातच लावावी लागली, कारण पुढे रस्ताच नव्हता. मायलेकी मातीच्या ढिगांवरून चालत आल्या. यशू ढिगांवरून, साक्षी ढिगांना शिव्या देत. पण यशू आबांच्या दारापर्यंत पोचलीच नाही. समोरच्या ओट्यावर विमलबाई कुरडयांसाठी गव्हाचा चीक शिजवत होत्या आणि गरम चिकाचा वास यशूच्या नाकाने बरोबर पकडला. गेल्या वर्षीची ओळख होती. ती तिथेच वळली.

"मम्मा, मी चीक खाऊन येते!"

"बरं, पण लगेच ये," साक्षी म्हणाली आणि पप्पांच्या दाराशी आली. पंखा बघून थबकली. "हे काय?"

"एअर शॉवर. हात वर कर."

साक्षीने आईकडे पाहिलं. आईने कपाळाला हात लावला. साक्षीने मुकाट्याने गिरकी घेतली.

मग तपासणी सुरू झाली. साक्षीने टीव्हीवर बोट फिरवलं. बोट स्वच्छ. खुर्चीवर चढून कपाटावर फिरवलं. स्वच्छ. पंख्याच्या पात्यावर, स्विचबोर्डच्या वरच्या कडेवर, तसबिरीच्या मागे. स्वच्छ, स्वच्छ, स्वच्छ! ओव्हाळ तिच्या मागे मागे, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे, आणि प्रत्येक वेळी मान अशी हलवत होते की जणू समेवर दाद आली.

"पप्पा," साक्षी खुर्चीवरून उतरत म्हणाली, "खरं सांगू? माझ्या अठराव्या मजल्यावरसुद्धा एवढं नसतं. ते फिरणारं मशीन घेतलंय मी, तरी नसतं."

"मग?"

"मग काय, मला वाटतं..."

"थांब!" ओव्हाळांनी हात वर केला. निकाल तोंडाशी आला होता, पण कलावंताला शेवटची उडी मारल्याशिवाय चैन पडत नाही. "खरी गंमत तर बघ. ह्याला म्हणतात आतल्या हवेचा जोर." ते मागच्या खोलीत गेले आणि त्यांनी कूलरचं बटण दाबलं.

कूलर घरघरला. थंड, ओली हवा आत लोटली. पडदे दाराकडे फुगले. ओव्हाळ दोन्ही हात पसरून म्हणाले, "बघ, आता धुळीची काय बिशाद..."

आणि त्यांना शिंक आली.

दुसरी आली. तिसरी कस्तुराबाईंना. साक्षीने नाकाला रुमाल लावायच्या आत तिला ठसका लागला. डोळ्यांतून पाणी, घशात आग. ओव्हाळ कूलरकडे धावले आणि अर्ध्या वाटेत दोनदा शिंकून परत फिरले. गवताच्या जाळ्यांनी धूळ अडवली होती, पण हे काही तरी निराळंच होतं. लाल, तिखट, झोंबरं.

"कांडप!" कस्तुराबाई शिंका आवरत ओरडल्या. "दुर्गाबाईंनी आज मिरची कांडायला काढली! खकाणा आहे तो मिरचीचा!"

मागच्या गल्लीत दुर्गाबाईंच्या पत्र्याच्या शेडमध्ये कांडपाचं मशीन असतं. उन्हाळ्यात एक दिवस ठरवून गल्लीचा वर्षाचा मसाला तिथे होतो. आणि आदल्या संध्याकाळी दुर्गाबाई दारोदार जाऊन सांगतात, उद्या कांडप आहे, मागच्या खिडक्या लावून घ्या. ही या गल्लीची जुनी रीत. काल संध्याकाळीही त्या सगळ्या दारांना गेल्या होत्या. फक्त एका दारात पंखा उभा होता. त्या दाराकडे बघून त्यांनी पदर घट्ट केला आणि पुढे निघून गेल्या.

"मला सांगितलंसुद्धा नाही," कस्तुराबाई म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहतच होतं, त्यामुळे त्यातलं मिरचीचं किती आणि मनातलं किती, ते कळायला मार्ग नव्हता. "माझी मिरची न घेता कांडप कधी झालं नव्हतं."

तिघंही दारातून बाहेर पडली. पुढे साक्षी, मागे कस्तुराबाई, शेवटी ओव्हाळ. आत आणलेल्या त्या भरघोस हवेच्या जोराने मिरचीही त्यांच्या पाठोपाठ दारातून बाहेर लोटत होती. पेंटशॉपचं तत्त्व अगदी बिनचूक चाललं होतं.

शिंकांचा गजर ऐकून मागून दुर्गाबाई धावत आल्या. तोंडाला पदर, कपाळावर मिरचीची पूड, हातात झारा.

"आगं बया! खिडकी उघडी ठिवली व्हय? आन् वर कूलर लावला?"

कोणाला विचारायची वाट न बघता त्या ओव्हाळांच्या घरात शिरल्या. पायांना मागच्या गल्लीची माती, अंगावर मिरची, गिरकी नाही, गोणपाट नाही. कूलर बंद केला, सगळ्या खिडक्या सताड उघडल्या, फटींतल्या वर्तमानपत्राच्या घड्या ओढून फेकल्या, पडदे ओले करून पिळले आणि दारात टांगले. बाहेर आल्या तेव्हा लखलखीत फरशीवर त्यांची पावलं उमटलेली होती, लक्ष्मीची नव्हे, चांगल्या कष्टकरी बाईची, रुंद आणि ठसठशीत.

ओव्हाळ त्या पावलांकडे बघत उभे राहिले. लेकीचं बोट आता कुठेही पडलं तरी काय निघणार होतं, ते त्यांना दिसत होतं.

तोवर विमलबाईंनी ओट्यावर सतरंजी टाकली होती. सगळ्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला, ताकाचे पेले दिले. यशू भिंतीला टेकून चीक खात होती, पायांना धूळ, गालाला चीक, आणि चेहऱ्यावर भारी तमाशा फुकटात बघायला मिळाल्याचा आनंद.

"आबा किती मोठ्यांदा शिंकतो!" ती म्हणाली. "परत कर ना!"

साक्षी तिच्याजवळ जाऊन बसली, तिच्या पाठीला हात लावला, श्वास ऐकला. खोकला नव्हता. मग तिने आईला विचारलं, "आई, दुपारी तुझ्याकडे कोणी दिसत नाही आजकाल? फोनवर नुसती शांतता असते."

विमलबाईंनी तोंड उघडलं. "कसं दिसंल? तुज्या पप्पानं आमाला वाऱ्यावर सोडलं नव्हं का!"

दुर्गाबाई फसकन हसल्या, मग कस्तुराबाई हसल्या, आणि हसता हसता दोघींना पुन्हा ठसका लागला. ओव्हाळ मात्र हसले नाहीत. ताकाचा पेला खाली ठेवून उठले, दोघींसमोर उभे राहिले.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "नात येणार नाही असं कळलं, आणि माझं डोकं फिरलं."

"डोकं फिरलं त्ये दिसलंच," दुर्गाबाई म्हणाल्या. "आता तुमी फिरा. आदी तुमी उभं ऱ्हावा त्या पंख्याम्होरं. हात वर करून."

"मी?"

"व्हय. आंगावर मिरची हाय ना? हितं वट्यावर पोरं खेळत्यात."

विमलबाईंनी पंखा उचलून आपल्या ओट्याच्या पायरीशी आणला, वायर खिडकीतून घेतली. ओव्हाळांनी हात वर केले. बटण दुर्गाबाईंच्या ताब्यात. शर्ट फुग्यासारखा फुगला, पांढरे केस उभे राहिले.

"फिरा!" विमलबाई म्हणाल्या. "अजून! पाठ राह्यली!"

पेंटशॉपचे ओव्हाळ भर गल्लीत वाऱ्यासमोर गिरक्या घेत होते. डंपरवाल्यानेही गाडी थांबवली. यशू आधी बघत राहिली, मग वाटी टाकून धावत आली, आबांच्या शेजारी उभी राहिली आणि दोन्ही हात वर करून फिरायला लागली. फ्रॉकचा घेर उडाला, केस उडाले, चिकाचा एक थेंब उडून साक्षीच्या कुर्त्यावर बसला.

"मम्मा, मी इथेच राहणार! मला रोज फिरायचंय!"

साक्षीने कुर्त्यावरच्या थेंबाकडे पाहिलं. मग त्यावर एक बोट फिरवून ते पप्पांच्या नाकासमोर धरलं. "हे काय आहे?"

ओव्हाळांचे हात हळूहळू खाली आले. "चीक," ते अपराध्यासारखं म्हणाले.

"चीक आहे. धूळ नाही ना? मग ऐका. सध्या आठवडाभर ठेवते हिला. पण डंपर चालू असताना ही रस्त्यावर दिसायला नको. आणि खोकली तर त्याच दिवशी मला फोन. लपवायचं नाही."

"लपवीन कशाला?"

"रस्त्याची काळजी नको गं," विमलबाई म्हणाल्या. "कपडे धुतलेलं पाणी आमी नाल्यात सोडत न्हाई. सकाळी मी शिंपडते, दुपारी दुर्गाबाई. डंपर यायच्या आधी माती बसून ऱ्हाती. तुज्या पप्पाला विचार, एवढं पाणी कंपनीत तरी मारतात का."

"मारत नाहीत," ओव्हाळ म्हणाले, "तिथे कपडे कुठे धुतात!"

"मग संध्याकाळची पाळी तुमची," दुर्गाबाई म्हणाल्या. "बादली आना आपली. आन् कस्तुरा, मिरची काढ. मशीन गरम हाय तवर तुजी पन कांडून देते."

कस्तुराबाई उठल्या त्या जवळजवळ पळतच गेल्या.

यशूची बॅग आत गेली, दुर्गाबाईंच्या पावलांवरूनच. ती पावलं त्या दिवशी कोणी पुसली नाहीत.

पंखा मात्र माळ्यावर गेला नाही. दुसऱ्या दिवसापासून डंपर परतला आणि रस्ता शिंपून झाला की गल्लीतली सगळी पोरं ओव्हाळांच्या दाराशी रांग लावू लागली. हात वर, एक गिरकी, पाय पुसून घरात, मागच्या दाराने बाहेर, आणि पुन्हा रांगेत. ओव्हाळ स्टुलावर बसून बटण सांभाळायचे. चौथ्या दिवशी यशू आली ती डोक्यापासून पायापर्यंत मातीने माखलेली. पोरांनी तिला ढिगावर मुद्दाम लोळवलं होतं.

"अगं, हे काय केलंस?" ओव्हाळ दचकून उभे राहिले.

"आबा, नुसतं फिरून काही उडतच नव्हतं," यशू म्हणाली आणि तिने हात वर केले. "आता लाव."

आतून कस्तुराबाई, विमलबाई आणि दुर्गाबाई तिघींचा एकदम आवाज आला, "पंखा फिरवायच्या आधी समोरच्या ओट्यावर वाळत घातलेले पोह्याचे पापड झाका!"